माझ्या जागी कोणाला निवडलं

मित्रांनो, घरी बसून तुम्ही टीव्हीवर एखादा सामना थेट पाहता, तेव्हा कधी सगळं मैदान दिसतं, कधी धावणाऱ्या खेळाडूचे नुसते पाय, तर कधी प्रेक्षकांत आईच्या मांडीवर झोपलेलं बाळ. मैदानावर चार-पाच कॅमेरे एकाच वेळी चालू असतात. मग त्यातलं कोणतं चित्र या क्षणी तुमच्या घरी पाठवायचं, हे कोण ठरवतं? ठरवतं माणूसच. पण त्याचं बोट ज्या बटणावर पडतं, ते बटण माझं असतं. मी एक जुना व्हिडिओ स्विचर आहे. नाव परकं वाटलं तरी काम साधं आहे. सगळ्या कॅमेऱ्यांच्या तारा माझ्या पोटात येतात आणि माझ्यातून एकच चित्र बाहेर जातं.

दिसायला मी शाळेच्या बाकाएवढा लांब, पुढच्या बाजूला उतरता. अंगावर बटणांच्या दोन ओळी आहेत. खालच्या ओळीत हिरवा दिवा लागला की ते चित्र तयारीत आहे असं समजायचं, आणि वरच्या ओळीत लाल दिवा लागला की ते चित्र लोक आत्ता बघत आहेत. उजव्या हाताला एक दांडा आहे. तो हळू ओढला की एक चित्र विरत जातं आणि त्यातूनच दुसरं उमटतं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका कामगाराने माझं प्रत्येक बटण शंभर वेळा दाबून पाहिलं आणि शेवटच्या बटणाला त्याला जांभई आली, एवढंच आठवतं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका लहानशा टीव्ही केंद्रात. खाली छापखाना होता आणि वर आमचं केंद्र. खालची यंत्रं सुरू झाली की आमच्या टेबलावरचे पेले किणकिणत.

तिथे मला निवडणारी माणसं तीन होती. पहिले केंद्राचे साहेब. दुसरे इंजिनिअर. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कायम पक्कड असे, म्हणून सगळे त्यांना पक्कडराव म्हणत. आणि तिसऱ्या स्विचरबाई. कोणतं बटण कधी दाबायचं हे काम त्यांचं. माझ्यासोबत आणखी एक स्विचर टेबलावर मांडला होता. तो रंगाने काळपट आणि स्वभावाने मुखदुर्बळ होता.

साहेब माझ्यावर पाहताक्षणी खूश झाले, कारण मला चमकदार खेळ येत होते. चित्र पुस्तकाच्या पानासारखं उलटायचं, चेंडूसारखं उडवायचं, काचेसारखं फोडायचं.

पक्कडरावांनी मात्र मला उताणं केलं आणि माझ्या पाठीत डोकावले. "याला वीज पुरवणारा भाग एकच आहे," ते म्हणाले. "त्या दुसऱ्याला दोन आहेत. एक गेला तर दुसरा लगेच भार उचलतो. याचा एक गेला की सगळंच बसलं."

"अहो, पण जाईल कशाला?" साहेब म्हणाले. "नवा कोरा आहे. बाई, तुम्ही सांगा. रोज हात तुमचा लागणार आहे."

बाई खुर्चीवर बसल्या. समोरच्या पडद्यांवर नजर ठेवून त्यांनी न बघता बोटं माझ्यावर फिरवली. थेट प्रक्षेपणात खाली बघायला सवड नसते, बोटांनाच वाट माहीत असावी लागते. माझी बटणं त्यांच्या बोटांना अचूक सापडत गेली. मग त्यांनी दांडा ओढला. तो लोण्यातून सुरी जावी तसा आला. बाईंच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"हाच घेऊ या," त्या म्हणाल्या.

"आणि ते विजेचं?" पक्कडरावांनी विचारलं.

"बघू हो तेव्हाचं तेव्हा."

मित्रांनो, मला त्या वेळी फार आनंद झाला. आपल्याला कोणीतरी मनापासून पसंत केलं, याहून मोठं सुख नसतं. त्या पसंतीत काय राहून गेलं, ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

त्यानंतरची सात वर्षं बाईंनी आणि मी मिळून काम केलं. सकाळच्या बातम्या, दुपारी बागकामाचा कार्यक्रम, शाळांच्या स्पर्धा, नगरसभेची भांडणं. निर्माते मागे बसून सांगत, "कॅमेरा दोन, तयार... घ्या!" आणि 'घ्या'मधला 'घ्' ऐकू यायच्या आत बाईंचं बोट पडलेलं असे. निर्मात्यांना खोकल्याची सवय होती. खोकला आला की आज्ञा अर्धवट राही, पण बाई त्यांच्या श्वासावरून ओळखत. एकदा पोहण्याच्या स्पर्धेत सगळे जिंकलेल्या मुलीचं चित्र दाखवा म्हणत असताना बाईंनी तीन नंबरचं बटण दाबलं. त्यात शेवटी आलेली मुलगी काठाला हात लावून, जिंकलेल्या मुलीकडे पाहून हसत होती. दुसऱ्या दिवशी केंद्रात पत्रं आली ती त्या हसण्याबद्दल. साहेबांनी पाहुण्यांना माझ्यापाशी आणून सांगितलं, "ही सगळी या यंत्राची कमाल." मी फुशारलो. बाई गालात हसल्या आणि चहा प्यायला गेल्या.

सगळे माझं कौतुक करत, पण माझी पाठ कोणी बघत नव्हतं. माझ्या पाठीत एक लहान पंखा आहे. तो आतली उष्णता बाहेर टाकतो. छापखान्यातून कागदाची बारीक भुकटी जिन्याने वर येई आणि त्या पंख्यावर साचे. पक्कडराव दर महिन्याला साहेबांकडे मागणी करत, "अर्धा दिवस प्रक्षेपण थांबवून यंत्रं साफ करू द्या." साहेबांचं उत्तर ठरलेलं असे, "पुढच्या महिन्यात बघू." असे कितीतरी पुढचे महिने आले आणि गेले. पंख्याला गोधडीसारखा थर चढला. मला आतून सतत धग जाणवे, पण यंत्राला कुरकुर करता येत नाही. ते करतं तेव्हा एकदमच करतं.

तो दिवस मला विसरता येत नाही.

सकाळी साडेदहाला गावाबाहेरच्या पुलाच्या तोंडाशी अमोनियाचा टँकर उलटला. अमोनिया हा नाका-डोळ्यांना जाळणारा विषारी वायू. नदीकाठी एक मोठी वस्ती होती आणि वस्तीतून बाहेर पडायचे रस्ते दोनच, एक पुलाकडे आणि दुसरा टेकडीवरच्या शाळेकडे. वारा पुलाकडून वस्तीकडे वाहत होता. अग्निशमन दलाचे प्रमुख धावतपळत आमच्या स्टुडिओत आले. सगळा गाव आमचं केंद्र लावून बसला होता.

बाईंचं घर त्याच वस्तीत होतं. नवरा परगावी नोकरीला, घरी सासूबाई एकट्या. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात ठिकाणावर होता. एक नंबरवर प्रमुख, दोन नंबरवर नकाशा. त्यांनी एक नंबर घेतला.

प्रमुख कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "नदीकाठच्या वस्तीतल्या लोकांनी ताबडतोब घराबाहेर पडावं. पुलाकडे—"

आणि माझ्या आत काहीतरी चटकन वाजलं. सगळे दिवे गेले. तारांमधून चित्रं येत होती, दारापर्यंत येऊन थांबत होती, आणि मला दार उघडता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, चित्र गेलं तरी आवाज तर गेला असेल ना? नाही, मित्रांनो. आमच्याकडे चित्र आणि आवाज माझ्या पुढच्या एका पेटीत एकत्र बांधले जात आणि मग बाहेर पडत. माझ्याकडून चित्र आलं नाही की ती पेटी आवाजही सोडत नसे. प्रमुख आत म्हणाले होते, "पुलाकडे जाऊ नका, टेकडीकडे जा." बाहेर लोकांना ऐकू आलं फक्त, "घराबाहेर पडावं. पुलाकडे."

पक्कडराव टेबलाखाली शिरले. मला मधून वगळून कॅमेऱ्याची तार सरळ त्या पेटीला जोडायची होती. पण तारांवर चिठ्ठ्या नव्हत्या. साठ काळ्या तारा, सगळ्या सारख्याच. एकेक उपटून, दुसरीकडे लावून बघायची. बाई गुडघ्यांवर बसून त्यांना विजेरी दाखवत होत्या. विजेरीचा उजेड जराही हलत नव्हता.

चित्र परत यायला नऊ मिनिटं लागली.

"आता एकच कॅमेरा जोडलाय, बाई," टेबलाखालून पक्कडराव म्हणाले. "बटण दाबायचं काही उरलेलं नाही. तुम्ही घरी जा."

बाई उठल्या. पण दाराकडे जायच्या आधी त्यांनी स्टुडिओशी बोलायचा माईक ओढला आणि प्रमुखांना म्हणाल्या, "साहेब, परत सांगा. पण या वेळी 'जाऊ नका' हे आधी सांगा आणि पूल नंतर सांगा. मधेच काही तुटलं तरी चालेल असं सांगा."

प्रमुखांनी क्षणभर काचेतून त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "जाऊ नका! जाऊ नका पुलाकडे!" ते म्हणाले. तेवढं ऐकून बाई जिन्यावरून धावत सुटल्या. त्यांची एक चप्पल माझ्या टेबलाखालीच राहिली होती.

पुढचं मला नंतर बाई आणि पक्कडराव यांच्या बोलण्यातून कळलं. नऊ मिनिटांत वस्तीतली चाळीसेक माणसं पुलाच्या रस्त्याला लागली होती. सासूबाई सगळ्यांच्या पुढे होत्या, कारण सून टीव्हीत कामाला, तिथे सांगितलेलं खोटं कसं असेल? नशिबाने कोणाचा जीव गेला नाही. पण सासूबाई अकरा दिवस इस्पितळात होत्या. घरी आल्या तेव्हा त्यांचा आवाज कायमचा घोगरा झाला होता.

बाई उशाशी बसून रडू लागल्या, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, रडतेस काय? मी तुझ्याच टीव्हीचं ऐकलं बाई."

त्या रागाने म्हणाल्या नव्हत्या. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाई पक्कडरावांना सांगत होत्या. त्या दिवसापासून सासूबाईंनी घरात आमचं केंद्र कधी लावलं नाही.

आठवड्याने साहेबांनी बैठक बोलावली. ती माझ्याच खोलीत झाली. साहेबांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं की यंत्राची देखभाल न झाल्यामुळे बिघाड झाला आणि त्याला इंजिनिअर जबाबदार आहेत. पक्कडराव खिशातली पक्कड नुसती उघडत-मिटत होते.

"हे बरोबर नाही," बाई म्हणाल्या. "ते दर महिन्याला साफसफाईसाठी वेळ मागत होते. तुम्ही दिला नाहीत. आणि या यंत्राला विजेचा भाग एकच आहे, असंही ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. ते मी ऐकलं नाही. निवड माझी होती. माझं नाव घाला."

"बाई, तुम्ही भावनेच्या भरात—"

"दांडा मऊ होता म्हणून घेतला मी हा स्विचर," बाई म्हणाल्या. "भावनेचा भर तो होता, साहेब. हा नाही."

साहेबांनी कागद परत घेतला. नवा कागद झाला, त्यात तिघांचीही नावं होती, साहेबांचं स्वतःचंसुद्धा. पक्कडरावांची नोकरी राहिली. पक्कडरावांनी माझा जळलेला भाग बदलला, साठही तारांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि मला मधून वगळून चित्र पाठवायची एक वेगळी तार कायमची जोडून ठेवली. दर सोमवारी सकाळी दोन तास प्रक्षेपण बंद राहू लागलं. त्या दोन तासांत बाई स्वतः लहान कुंचल्याने माझा पंखा साफ करत. तसा मी आणखी सहा वर्षं चाललो. पण बटणं आता झिजली होती, आणि नव्या कॅमेऱ्यांची मोठी चित्रं माझ्या पोटात मावेनाशी झाली होती.

तोवर साहेबही बदलले होते. नव्या साहेबीणबाई वयाने तरुण होत्या. त्यांनी तीन स्विचर परीक्षेसाठी मागवले. तिघांना माझ्या शेजारी ओळीने मांडलं. मला कसं वाटलं म्हणून विचारू नका. आपल्याच घरी आपल्या जागेसाठी आलेल्या पाहुण्यांना काय म्हणायचं असतं?

त्या दिवशी बाई एकट्या आल्या नाहीत. त्यांच्यासोबत सासूबाई होत्या, हातात काठी, खांद्यावर शाल.

"मला कशाला आणलंस?" त्या घोगऱ्या आवाजात म्हणत होत्या. "मला काय कळतंय त्यातलं?"

"आई, प्लग उपटायला कळतं ना?"

"न कळायला काय झालं?"

"मग बसा इथे. मी 'हं' म्हटलं की उपटायचा."

विक्रेता टाय लावलेला, गोड बोलणारा माणूस होता. तो चित्रं उडवून दाखवू लागला. बाईंनी नम्रपणे सगळं पाहिलं. मग विचारलं, "बिघडला तर दुरुस्तीला माणूस किती वेळात येतो? सुटे भाग किती वर्षं मिळतील? सगळं बंद पडल्यापासून परत चित्र यायला किती सेकंद लागतात?" विक्रेता वही चाळू लागला. बाईंनी बागकामाच्या कार्यक्रमाच्या मदतनीस मुलीला बोलावून पहिल्या यंत्रापाशी बसवलं. "मी आजारी पडले तर हिला दहा मिनिटांत जमलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

तालीम सुरू झाली. मुलगी चाचपडत बटणं दाबत होती, पडद्यावर चित्रं बदलत होती.

"हं," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी वाकून प्लग उपटला.

"अहो आजी! चालू आहे ते!" विक्रेता ओरडला.

"म्हणून तर," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे बंद असताना काही बिघडत नाही."

पहिल्या यंत्राचा पडदा काळा झाला. दुसऱ्याला विजेचे दोन भाग होते. पण एक उपटल्यावर ते क्षणभर गांगरलं, स्वतःच बंद होऊन परत सुरू झालं आणि चाळीस सेकंदांनी सगळं विसरून कोऱ्या पाटीसारखं उभं राहिलं. पक्कडरावांनी घड्याळ बघून नुसती मान हलवली.

तिसऱ्यापाशी बाई बसल्या आणि त्यांनी दांडा ओढला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. दांडा जड होता, आणि बटणं एकमेकांना खेटून होती. मला मनातल्या मनात बरं वाटलं, हे कबूल करतो. मुलीला मात्र ते लवकर जमलं.

"हं, आई."

सासूबाईंनी प्लग उपटला. समोरच्या पडद्यावर स्टुडिओतल्या रिकाम्या खुर्चीचं चित्र होतं. ते तसंच राहिलं. लुकलुकलंसुद्धा नाही. विजेच्या दुसऱ्या भागाने भार उचलल्याचा एक बारीक पिवळा दिवा तेवढा यंत्राच्या कोपऱ्यात लागला.

सासूबाई हातात प्लग धरून पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी प्लगकडे पाहिलं. "मी उपटलाय ना नीट?" त्यांनी विचारलं.

"नीट उपटलाय, आई."

"तरी चालू आहे की गं!"

बाईंनी सासूबाईंच्या हातातला प्लग घेतला आणि तो हात थोडा वेळ तसाच आपल्या हातात ठेवला.

"मग? हा आवडला तुम्हाला?" साहेबीणबाईंनी विचारलं.

"आवडला नाही," बाई म्हणाल्या. "पण हाच घ्या. आवडीचं मी बघून घेईन. हात काय, महिन्याभरात वळतो."

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला निवडलं तेव्हा बाईंनी मला फक्त स्वतःसाठी निवडलं होतं. या तिसऱ्याला त्यांनी निवडलं ते पडद्यापलीकडच्या माणसांसाठी. माझा मत्सर तिथेच संपला. संध्याकाळी दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात पक्कडरावांनी माझ्या तारा चिठ्ठ्या वाचत एकेक करून काढल्या आणि त्याला जोडल्या. गावाला काही कळलंही नाही. आणि त्या रात्रीच्या बातम्या बाईंच्या घरी सासूबाईंनी आमच्या केंद्रावर पाहिल्या, हे दुसऱ्या दिवशी बाई सगळ्या मजल्याला सांगत होत्या.

मी भंगारात गेलो नाही. पक्कडरावांनी निवृत्त झाल्यावर एका तंत्रशाळेत शिकवायला सुरुवात केली आणि मला सोबत नेलं. आता मी तिथल्या वर्गात असतो. माझ्या तारा चार लहान कॅमेऱ्यांना जोडल्या आहेत, पण माझ्यातून निघालेलं चित्र त्या खोलीबाहेर कुठेच जात नाही.

तुम्ही कधी मोठे होऊन असं एखादं यंत्र निवडाल, तेव्हा त्याची पाठही बघा आणि ते बंद पडलं तर कोणाचं काय होईल, हे आधी विचारा. निवडल्यावर त्याची धूळ झटका. त्याला लागणारा वेळ त्याला द्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. यंत्राची काळजी घेणं म्हणजे शेवटी त्याच्यावर विसंबलेल्या, कधीही न भेटणाऱ्या माणसाची काळजी घेणं असतं.

काल वर्गात एक मुलगी पहिल्यांदाच माझ्यापाशी बसली होती. घाबरून तिने दोन नंबरऐवजी चार नंबर दाबला आणि पडद्यावर एकदम कोणाच्या तरी दप्तराचं चित्र आलं. सगळा वर्ग खदखदून हसला. ती रडवेली झाली आणि तिने हात मागे घेतला. पक्कडराव तिला म्हणाले, "दाब पुन्हा. चूक इथेच करून घे, पोरी. इथून ती कोणाच्या घरी जात नाही."

तिने हात परत माझ्यावर ठेवला. मी तिची वाट पाहत थांबलो.